जर्मन हातबाँबचा संग्रह: घरात काय ठेवायचं आणि कशाला हातसुद्धा लावायचा नाही

दांड्याच्या जर्मन ग्रेनेडचा फोटो मी पहिल्यांदा घरात दाखवला तेव्हा आईनं चष्मा वर सारून विचारलं, ही रई कुणाची रे? तेव्हापासून कुणालाही समजावून सांगताना मी हेच सांगतो, ताक घुसळायची रवी डोळ्यासमोर आणा आणि तिच्या फुलाच्या जागी पत्र्याचा डबा बसवा, झाला जर्मन ग्रेनेड. इंग्रज सोल्जर त्याला बटाटे कुस्करायचं साधन म्हणायचे, म्हणजे त्यांनाही स्वयंपाकघरच आठवलं.

मी अंबाजोगाईचा. नऊ-दहा वर्षांपासून मला या विषयाचा नाद आहे आणि आजूबाजूची कॉलेजची पोरं सारखी विचारायलेत की दादा सुरुवात कुठून करायची, खरा पीस कुठं मिळंल, कितीला मिळंल. म्हणून एकदाच नीट लिहितो.

खरा पीस घ्यायचाच नाही, इथूनच सुरुवात करा. चालू असो, गंजलेला असो, विकणारा आईची शपथ घेऊन रिकामा आहे म्हणत असो. आपल्याकडं आर्म्स ॲक्ट १९५९ मधी दारूगोळा या शब्दाची जी व्याख्या आहे त्यातच ग्रेनेड येतो, आणि आत स्फोटक असलं तर वरून स्फोटक पदार्थ कायदा १९०८ लागतो. युरोपात काही देशांत रिकामे केलेले पीस उघड विकतात म्हणून तिकडचे व्हिडिओ बघून इकडं पार्सल मागवायचं डोक्यात आणू नका, कस्टमला अडकलं तर रिकामं आहे हे सिद्ध करता करता तुमची वर्षं जातील आणि घरच्यांची झोप जाईल ती वेगळीच. मग संग्रह करायचा कशाचा? ग्रेनेड ओळखण्याच्या ज्ञानाचा, जुन्या कागदांच्या आणि पदकांच्या फोटोंचा आणि भरीव लाकडी नमुन्यांचा. हे काही कमी नाही, उलट माझ्या मते खरा संग्रह हाच, कारण कपाटात लोखंड ठेवलेल्या लई जणांना ते कोणत्या वर्षाचं आहे हेसुद्धा सांगता येत नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाही. सहा वर्षांमागं ओळखीच्या एका भंगारवाल्याचा फोन आला, दादा तुमचं ते जर्मन आलंय, जुन्या वाड्याच्या मलब्यात निघालं. मी गेलो. मोठ्या लिंबाएवढा, चौकडीच्या खाचा असलेला, मातीनं भरलेला लोखंडी गोळा, बाजूला गंजलेली पट्टी चिकटलेली. मी तो हातात घेतला, शर्टानं पुसला, फडक्यात गुंडाळून गाडीच्या डिक्कीत टाकला आणि खड्ड्याखड्ड्यातून चाळीस किलोमीटर घरी आणला. अंगणात मामा बसलेले, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीतून रिटायर झालेले. फडकं उघडलं तसं ते उठले नाहीत, ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "ठिव खाली. हळू. आता सगळ्यांला घेऊन रस्त्याच्या पल्याड जा." पोलिसांना फोन झाला, जिल्ह्याच्या गावाहून बॉम्ब शोधक पथक आलं, वाळूच्या पोत्यांमधी ठेवून घेऊन गेले. तो जर्मन नव्हताच. तो ३६ नंबर होता, इंग्रजांचा मिल्स बाँब, आपल्या फौजेनं दशकानुदशकं वापरलेला. भिंतीपल्याड माझी दोन वर्षांची पुतणी झोपली होती. आजही खड्ड्यात गाडी आदळली की मला ती डिक्की आठवते.

त्यातून एक गोष्ट ध्यानात ठेवा, आपल्या भागात जमिनीत, विहिरीत, वाड्यात, भंगारात काही निघालं तर ते जर्मन असण्याची शक्यता जवळजवळ नाही आणि चालू असण्याची शक्यता भरपूर आहे. निघालं तर उचलायचं नाही, पाणी टाकायचं नाही, काडीनं ढोसायचं नाही, माती झटकायची नाही. लांब व्हायचं, लेकरांना आणि ढोरांना लांब करायचं, ११२ ला फोन लावायचा, खेड्यात असाल तर पोलीस पाटलाला सांगायचं आणि लोकं येईपर्यंत लांबूनच राखण करायची. जुनं झालं म्हणजे मेलं असं लोकांना वाटतं, पण होतं उलटं, धातू गंजतो, सेफ्टीचे भाग गळून पडतात, आतला मसाला बिघडून कधीकधी आणखी नाजूक होतो. फ्रान्स-बेल्जियमच्या शेतकऱ्यांना अजून नांगरताना पहिल्या महायुद्धाचे गोळे सापडतात, बेल्जियमचं सैन्याचं पथक दरवर्षी शंभर टनांच्या वर माल गोळा करतं. तिथला शेतकरी तो बांधावर ठेवतो आणि फोन करतो, त्याच्या चार पिढ्या त्यात गेल्यात. आपण तर बांधावर ठेवायला म्हणूनसुद्धा उचलायचं नाही.

आता मुख्य मुद्दा, ओळख. त्यासाठी आधी पाच जर्मन शब्द पाठ करा, निम्मं काम तिथंच होतं. श्टील म्हणजे दांडा. आय म्हणजे अंडं. कूगेल म्हणजे गोळा. बेहेल्फ म्हणजे वेळ भागवायची सोय, आपल्या भाषेत जुगाड. हांडग्रानाटे म्हणजे हातबाँब. हे शब्द जोडत जा आणि म्युझियमच्या चिठ्ठ्या आपोआप वाचता येतात.

कूगेल सगळ्यात आधीचा, १९१३ चा. ओतीव लोखंडाचा गोल गोळा, वरून खाचा पाडलेल्या, साधारण आठ सेंटीमीटर जाड आणि वजन किलोच्या आसपास. किलोभर वजन हातानं किती लांब जाणार? म्हणून १९१५ मधी दांड्याचा आला, दांड्यामुळं हाताला तरफेसारखा जोर मिळतो, आपली पोरं गोफण का वापरतात तेच गणित. अंड्याचा १९१७ मधी आला, तीनशे ग्रॅमच्या थोडा वर, पेरूएवढा, खिशात मावायचा आणि लांब जायचा. चपट्या थाळीसारखा एक प्रकार १९१५ चा आहे, तो आदळल्यावर फुटायचा, आणि त्याची भीती खुद्द वापरणाऱ्यालाही असायची कारण हातातून निसटून पायाशी पडला तर संपलं. तिकडं शेतात असला गंजका थाळीवाला दिसला की तो कधी फेकला गेला होता का नुसता पडून राहिला हे बाहेरून बघून कळत नाही.

दांड्याच्या ग्रेनेडवर मात्र वेळ घालवा कारण फोटोत, सिनेमात, जाहिरातीत तोच दिसतो आणि लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथंच. पहिल्या युद्धातला आणि दुसऱ्या युद्धातला एका नजरेत वेगळा करायचा असेल तर डब्याकडं बघा. पहिल्या युद्धातल्यांच्या डब्याला बाजूनं पट्ट्याला अडकवायचा हुक असतो. १९२४ च्या मॉडेलला, म्हणजे दुसऱ्या युद्धात सगळीकडं दिसतो त्याला, हुक नाही. १९२४ वाल्याची लांबी साधारण साडेछत्तीस सेंटीमीटर, वजन सहाशे ग्रॅमच्या जरा आत, डबा पातळ पत्र्याचा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात जर्मनमधी छापलेलं की वापरण्याआधी डिटोनेटर (आतला मसाला पेटवणारी छोटी नळी) बसवा. दांडा आतून पोकळ, बुडाला पत्र्याचं फिरकीचं टोपण आणि टोपणाच्या आत दोरीला बांधलेला चिनीमातीचा पांढरा मणी. हा मणी मी पुण्यात एका जाणकार माणसाकडं सुटा बघितला, दोरी कुजून गेलेली, उरला नुसता मणी, ज्वारीच्या हुरड्याच्या चार दाण्यांएवढा असंल, गुळगुळीत, मधोमध भोक. लेकराच्या कडदोऱ्यात ओवला असता तर कुणाला कळलं नसतं. तो हातात धरून मी बराच वेळ काही बोललो नाही. कुणाच्या तरी बोटानं तो ओढायला बनवलेला होता.

१९४३ चं मॉडेल दिसायला तसंच पण दांडा भरीव, ओढायची व्यवस्था डब्याच्या डोक्यावर. म्हणजे फोटोत डोक्यावर बोंड दिसलं आणि बुडाला टोपण नसलं की १९४३. धुराचा जो होता त्याच्या डब्यावर पांढरा पट्टा आणि दांड्याला खाचा, अंधारात हात लावून कळावं म्हणून. सरावाचा होता त्याचा डबा लाल आणि त्याला भोकं. डब्यावर बाहेरून खाचांची लोखंडी बाही चढवलेली दिसली तर तो फोटो १९४२ किंवा त्यानंतरचा धरा. पहिल्या युद्धातल्या दांड्यांवर बरेचदा साडेपाच सेकंद, म्हणजे ओढल्यावर फुटायला लागणारा वेळ, असा शिक्का मारलेला असायचा, दुसऱ्या युद्धातल्या मालावर गरुडाचा छोटा शिक्का आणि कारखान्याचं नाव लपवायला दोन-तीन अक्षरांचा कोड. हे सगळं फोटो झूम करून बघायची सवय लावा. लंडनच्या इंपिरियल वॉर म्युझियमचा संग्रह ऑनलाईन बघता येतो, ड्रेस्डेनचं जर्मन सैन्याचं म्युझियम आणि बेल्जियममधल्या ईप्रचं म्युझियम यांचंही नाव लिहून ठेवा, कुणाचा मुलगा-सून जर्मनीत असंल तर त्यांना फोटो काढून आणायला सांगा. मी माझ्या मावसभावाला सांगितलं, त्यानं चिठ्ठ्यांसकट साठ फोटो पाठवले.

जुगाडी ग्रेनेड हा माझा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात अवघड भाग. १९१४ च्या हिवाळ्यात खंदक आमनेसामने आले आणि कुणाकडंच हातबाँब पुरेसे नव्हते. जर्मनांकडं निदान कारखान्यातला माल होता, तरी खंदकात फळीला मूठ काढून त्यावर ठोकळा तारेनं बांधलेले प्रकार निघाले, दिसायला केस विंचरायच्या ब्रशसारखे नाहीतर धोपाटण्यासारखे. इंग्रजांकडं परिस्थिती आणखी बेकार, त्यांनी जॅमचे रिकामे डबे वापरले. आणि हे डबे भरणाऱ्यांत आपले भारतीय सॅपर्सही होते, हे आपल्याकडं कुणी सांगत नाही. मामांच्याच बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला ४७ व्या शीख पलटणीबरोबर फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेल गावावर चालून गेल्या आणि त्यांची जबर हानी झाली. मामा हे सांगताना कंपनीचे नंबर असे घेतात जसं कुणी चुलत्याचं नाव घ्यावं.

दुसरा जुगाड १९४४-४५ चा. जर्मनीनं ऑक्टोबर १९४४ मधी सोळा ते साठ वर्षांच्या पुरुषांची फौज उभी केली, फोल्क्सश्टुर्म म्हणतात तिला, आणि त्यांच्यासाठी पत्रा उरला नव्हता म्हणून सिमेंट काँक्रीटचे हातबाँब ओतले, काही तर लाकडाचे. काँक्रीटच्या ग्रेनेडचा पहिला फोटो बघितला तेव्हा मला वाटलं अंगणातल्या कुंपणाच्या खांबाचा तुकडा आहे. १९२४ चा फिरकीच्या टोपणाचा, मण्याचा, शिक्क्याचा नेटका माल आणि वीस वर्षांनी हा ओबडधोबड ठोकळा, दोन्ही फोटो एकाखाली एक चिकटवा. हरत आलेला देश कसा दिसतो हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या दोन फोटोंनी जास्त कळलं.

जुगाडी प्रकारात नकली मालाचा सुळसुळाट आहे. कारण साधं आहे, शिक्का नसतो, नमुना ठरलेला नसतो, कुणीही जुनी फळी आणि तार घेऊन "खंदकातला" म्हणून विकतो. घ्यायचं नाही हे तर ठरलंच आहे, पण फोटोवरून नकली ओळखता आला पाहिजे, नाहीतर तुमच्या वहीत खोट्या नोंदी जातात. स्क्रूच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह म्हणजे फुली असली की सोडून द्या, तसले स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले, १९१५ च्या वस्तूत कुठून येतील? तार चकचकीत असंल, लाकूड बाहेरून काळं आणि खरवडलेल्या जागी पिवळंधम्मक असंल, गंज सगळीकडं एकसारखा हळदीच्या रंगाचा असंल तर शंका घ्या. खरा जुना गंज थरांचा असतो, काळपट तांबडा, पापुद्र्यांचा. आणि शिक्का बघताना अक्षराच्या आत बघा, बाहेर गंज आणि अक्षराच्या खाचेत स्वच्छ धातू म्हणजे शिक्का परवा मारलाय.

आता हातात धरायला काहीतरी पाहिजेच असतं, ते मला मान्य आहे, नुसत्या फोटोवर मन भरत नाही. त्यासाठी लाकडी नमुना करून घ्या. आमच्याकडं खराद मशीन असलेले सुतार अजून आहेत, पाळण्याचे पाय आणि पलंगाचे खूर करणारे. मी बाभळीचा वाळलेला ठोकळा नेला, कागदावर पूर्ण मापाचं चित्र काढून नेलं, डब्याची जाडी सात सेंटीमीटर, दांडा मुठीत बसेल असा मधी थोडा फुगीर. मशीन सुरू झालं तसे तांबूस भुग्याचे लांबच लांब रिबिनीसारखे काप निघायला लागले, अर्ध्या तासात आकार आला आणि सुतारकाकांनी तो उलटा धरून म्हटलं, ही तर रई झाली की. अख्खा एका लाकडाचा, भरीव. हे महत्त्वाचं आहे. पोकळ करायचा नाही, टोपण करायचं नाही, दोरी लावायची नाही, मणी लावायचा नाही. रंग द्या, पण बुडाला मोठ्या अक्षरात लाकडी नमुना असं खोदून घ्या आणि डब्यावर एक जाड केशरी पट्टा मारा. हुबेहूब करायचा मोह टाळा. शाळेत दाखवायला न्यायचा असंल तर मुख्याध्यापकांना आधी सांगा, डब्यात बंद करून न्या. एसटी स्टँड, रेल्वे, विमानतळ इथं नमुनासुद्धा न्यायचा नाही, विमानात तर खेळण्यातला ग्रेनेडही चालत नाही. पोलिसाला तो लाकडाचा आहे हे लांबून कळत नाही आणि त्यात त्याची काही चूक नाही.

मी असे पाच करून घेतलेत. कूगेल, हुकवाला दांड्याचा, १९२४ चा, अंड्याचा, आणि काँक्रीटवाला कागदाच्या लगद्याचा. लेकरांना ओळीनं हातात दिले की आकाराची गोष्ट त्यांना न सांगता कळते.

कागदांकडं वळा, कारण आपल्या भागाचा खरा धागा तिथं आहे. लोकं म्हणतात मराठवाड्याचा आणि जर्मनांचा काय संबंध, आपण तर निजामाच्या राज्यात. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणायचे आणि इथं हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रजांनी ठेवलेल्या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. त्याच कंटिंजंटच्या घोडदळातून पुढं डेक्कन हॉर्स झालं आणि २० वं डेक्कन हॉर्स १४ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत हाय वूडजवळ भाले घेऊन जर्मनांवर धावून गेलं. मशीनगन आणि हातबाँबच्या जमान्यात घोडे आणि भाले. मी छावणीच्या बाजूनं फिरायला जातो तेव्हा मला ते घोडे दिसतात, काय करू. दुसऱ्या युद्धात तर इटलीत मराठा लाइट इन्फंट्री जर्मनांसमोरच होती, १० जुलै १९४४ ला यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर नामदेव जाधव, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, आणि दोघांनीही मशीनगनवर चाल करताना हातबाँब वापरलेला. नामदेव जाधव नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे, म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातले.

म्हणून गावात विचारत फिरा. कुणाच्या पणजोबाचं पदक, डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक, खंदकातल्या फोटोचं पोस्टकार्ड. पदक मिळालं तर पितांबरीनं घासू नका, कडेवर बारीक अक्षरात नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते आणि घासून घासून तीच जाते. कडेचा फोटो तिरप्या उजेडात काढा, सकाळी खिडकीपाशी. कागद लॅमिनेट करू नका, साध्या पांढऱ्या कागदात ठेवून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा, पावसाळ्यात वाळवी बघत चला. आणि घरच्यांकडून वस्तू मागून घेऊ नका, फोटो काढा आणि वस्तू त्यांच्याचकडं राहू द्या. एका म्हातारीनं मला तीन पदकं काढून दाखवली, ती हळदीकुंकवाच्या डब्यात ठेवलेली होती. ती तिथंच चांगली आहेत.

पदकावर नाव मिळालं आणि माणूस परत आलेला नसंल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या नोंदी ऑनलाईन शोधा. फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या स्मारकावरच ४७०० च्या वर भारतीयांची नावं आहेत. स्पेलिंग इंग्रजांच्या कानाला जसं ऐकू आलं तसं असतं, म्हणून आडनाव सोडून पलटण आणि नंबरवरून शोधा, गावाचं नाव चार प्रकारे टाकून बघा.

आणि वही ठेवा, मोबाईलवर नको, हातानं. प्रत्येक प्रकाराला एक पान. वर नाव देवनागरीत, खाली वर्ष, वजन, अंग कशाचं, ओढून पेटायचा का आदळून फुटायचा, खुणा, कोणत्या म्युझियमच्या कोणत्या फोटोत बघितला, आणि समोर आपलं कोण होतं. शेवटचा रकाना मी नंतर वाढवला. हुकवाल्या दांड्याच्या पानावर त्या रकान्यात मी डेक्कन हॉर्स, हाय वूड, १९१६ असं लिहिलंय, १९२४ च्या पानावर मराठा लाइट इन्फंट्री, इटली. काँक्रीटच्या पानावर तो रकाना रिकामा आहे, कुणाच्या घरात त्या बाजूचा एखादा कागद निघाला तर फोटो पाठवा, कागद मात्र तुमच्याकडंच ठेवा.